वजन कुणाचं उतरलं? : कामाच्या जागेवरील आहार-कार्यक्रमांची पारख



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उमेदीची सारी वर्षं कामगारवस्तीतल्या दवाखान्याला दिली. त्यांच्या नावाने उभं राहून बोलायचं तर विषय कामाच्या जागेचा आणि कामगाराच्या ताटाचा असावा, असं मला वाटलं. गेल्या काही वर्षांत कंपन्यांमध्ये ‘वेलनेस’ नावाचं एक खातं आलं आहे. नोटीस लागते, आहारतज्ज्ञ येतात, कर्मचाऱ्यांची वजनं घेतली जातात. ‘फायबर वाढवा, वजन घटवा’ असा सल्ला दिला जातो आणि सहा महिन्यांनी अमुक किलो वजन उतरल्याचा अहवाल निघतो. या अहवालावर विश्वास कितपत ठेवायचा, हा आजचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. अशा कार्यक्रमाची खरी परीक्षा त्यात सामील झालेल्यांच्या वजनावर होत नाही. जे आले नाहीत, जे मधेच गळाले आणि ज्यांना कुणी बोलावलंच नाही, त्यांचं काय झालं यावर ती होते. अहवालात नेमकी हीच माणसं नसतात.

सुरुवात फायबरपासून करू, कारण सल्ला मुळात चुकीचा असता तर पुढची चर्चा करण्याचं कारण नव्हतं. सल्ला चुकीचा नाही. धान्याचा कोंडा, डाळी-कडधान्यांची सालं, भाज्या-फळांचा गर आणि चोथा यांतला जो भाग आपल्या पाचकरसांना फोडता येत नाही, तो म्हणजे तंतुमय भाग. तो पाणी धरून फुगतो, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं. चावायला वेळ लागतो, म्हणून जेवण सावकाश होतं. विरघळणारे तंतू आतड्यात दाटसर होतात आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातल्या काही भागावर जगतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला उपयोगी अशी लहान साखळीची आम्लं तयार होतात. युगांडात शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या डेनिस बर्किट यांनी 1970च्या दशकात हा विषय जगासमोर आणला. पूर्व आफ्रिकेतल्या खेड्यांत बद्धकोष्ठापासून आतड्याच्या कर्करोगापर्यंतचे आजार कमी आणि इंग्लंडमध्ये जास्त का, हा त्यांचा प्रश्न होता आणि आहारातला चोथा हे त्यांचं उत्तर. पण त्या दोन समाजांत चोथ्याशिवाय इतर शेकडो गोष्टी वेगळ्या होत्या. पुरावा पक्का व्हायला पुढे अनेक वर्षं गेली. 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये 185 दीर्घकालीन पाहण्या आणि 58 प्रयोग एकत्र तपासले गेले. रोज 25 ते 29 ग्रॅम तंतू खाणाऱ्यांत अकाली मृत्यू, हृदयविकार, मधुमेह आणि आतड्याचा कर्करोग यांचं प्रमाण कमी आढळलं. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगते.

वजनाच्या बाबतीत मात्र आकडा नम्र आहे. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या सुझन रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली तोवरचे अभ्यास एकत्र पाहिले. रोजच्या आहारात 14 ग्रॅम तंतूंची भर पडली की एकूण खाणं साधारण दहा टक्क्यांनी कमी होतं आणि जवळजवळ चार महिन्यांत 1.9 किलो वजन उतरतं, असं त्यांना दिसलं. दोन किलोला अगदी थोडं कमी. हा आकडा लक्षात ठेवा. ‘फायबरने तीन महिन्यांत पंधरा किलो’ असं कुणी सांगू लागलं की तो उपयोगी पडेल.

14 ग्रॅम म्हणजे किती, तेही सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, बाजरीत साडेअकरा, अख्ख्या मटकीत 15, अख्ख्या हरभऱ्यात 25, पेरूत साडेआठ. पांढऱ्या तांदळात मात्र पावणेतीन आणि मैद्यातही तेवढेच. आता दोन ताटं मांडू. पहिल्या ताटात 120 ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी, मूठभर कोरड्या मटकीची उसळ, थोडा भात आणि जेवणानंतर एक पेरू. बेरीज 28 ग्रॅमच्या आसपास जाते. दुसऱ्या ताटात ढीगभर भात, पातळ वरण, बटाट्याचा रस्सा आणि मैद्याच्या दोन पुऱ्या. ही बेरीज दहाच्या आत राहते. अनेक कँटीनमध्ये दुसरं ताट मिळतं. तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती मला महत्त्वाची वाटते. न चाळलेल्या कणकेत ज्वारीइतकेच, किंबहुना थोडे जास्तच तंतू असतात. म्हणून भाकरी श्रेष्ठ की पोळी, या वादात वेळ घालवू नये. खरी अडचण मैद्यात, पॉलिशच्या भाताच्या ढिगात आणि ताटातून गेलेल्या उसळीत आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. कामाच्या जागेवर तंतुमय आहाराचा कार्यक्रम राबवून त्याची नीट पारख केल्याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं आहे. टफ्ट्सच्याच पोषण संशोधन केंद्राने चार कामाच्या जागा घेतल्या. दोन जागी कार्यक्रम राबवायचा आणि दोन जागी नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. कार्यक्रमात कमी उष्मांकाचा, साखर सावकाश वाढवणारा, भरपूर तंतूंचा आहार होता आणि सवयी बदलण्याचं शिक्षण होतं. निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत कार्यक्रमातल्या लोकांचं वजन सरासरी 8 किलोंनी उतरलं. ज्या जागी कार्यक्रम नव्हता तिथलं जवळजवळ एक किलोने वाढलं. नाव नोंदवलेल्यांपैकी 89 टक्के लोक शेवटपर्यंत टिकले. कोलेस्टेरॉल, उपाशीपोटीची साखर, रक्तदाब, सगळ्यांत फरक पडला.

8 किलो हा मोठा आकडा आहे. कामाच्या जागेवरच्या आहार-व्यायाम कार्यक्रमांचा जो मोठा आढावा 2009 साली अमेरिकेत झाला, त्यात सहा ते बारा महिन्यांतली सरासरी घट, तुलनागटापेक्षा, 1.3 किलो निघाली होती. मग 8 कुठून आले? केवळ फायबरमधून नाहीत. रॉबर्ट्स यांचा स्वतःचा 2001चा आकडा दोन किलोंच्या आतला होता. मॅसॅच्युसेट्समध्ये फायबरच्या जोडीला उष्मांकांची मर्यादा होती, नियमित गटबैठका होत्या, शिकवणारी तयारीची माणसं होती. तंतूंनी भूक आवरली, म्हणून कमी खाणं निभावलं, असं म्हणणं मला रास्त वाटतं. सगळं श्रेय चोथ्याला देणं रास्त नाही. जागा चारच होत्या. चार जागांमध्ये एखाद्या ठिकाणचा उत्साही व्यवस्थापकही निकाल हलवू शकतो, आणि संशोधकांनीही त्याला प्राथमिक प्रयोगच म्हटलं आहे. ज्या आहारपद्धतीवर रॉबर्ट्स यांनी पुस्तक लिहिलं, त्याच धर्तीची पद्धत इथे तपासली गेली आणि तपासणाऱ्यांत त्या स्वतः होत्या, हेही वाचकाला ठाऊक असावं.

पण या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा 8 नाही. संशोधकांनी एक गोष्ट अशी केली जी सहसा कुणी करत नाही. कार्यक्रमाच्या जागी काम करणारी, वजन जास्त असलेली, पण कार्यक्रमात नाव न नोंदवलेली माणसं त्यांनी शोधली आणि त्यांचीही वजनं घेतली. त्यांचंही वजन सरासरी सव्वा किलोच्या आसपास उतरलं होतं. इतर कार्यक्रमांत नाव नोंदवलेल्यांचं जेवढं उतरतं, तेवढं इथे न नोंदवलेल्यांचं उतरलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस डब्यात काय आणतो, चहाबरोबर बिस्किटांऐवजी काय फिरतं, याचा परिणाम बैठकीला न गेलेल्यावरही झाला असावा. कार्यक्रम कामाच्या जागेवर करण्याचं खरं कारण मला इथे दिसतं. नाहीतर तेच काम दवाखान्यात करता आलं असतं.

याउलट, गळालेल्यांना हिशोबातून वगळलं की काय होतं, ते दुसऱ्या एका अभ्यासात स्वच्छ दिसतं. गायको या अमेरिकन विमा कंपनीच्या दहा कार्यालयांत 18 आठवडे कमी चरबीचा, पूर्ण वनस्पतिजन्य आणि म्हणून साहजिकच तंतुमय आहार राबवला गेला. 291 कर्मचारी त्यात होते. त्या सगळ्यांचा हिशोब धरला तर आहार बदललेल्यांचं वजन 2.9 किलोंनी उतरलं आणि तुलनागटाचं जवळजवळ जागच्या जागी राहिलं. शेवटपर्यंत टिकलेल्यांचाच हिशोब केला तर तीच घट 4.3 किलो होते. संशोधकांनी दोन्ही आकडे छापले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. कंपनीच्या नोटीसबोर्डावर यातला कोणता आकडा लागेल, हे तुम्हीच ठरवा.

आता सगळ्यात बोधप्रद प्रकरण. फेब्रुवारी 2010 मध्ये हार्वर्डच्या कॅथरीन बायकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरच्या अभ्यासांची बेरीज मांडली: अशा कार्यक्रमांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारांच्या खर्चात 3.27 डॉलर आणि गैरहजेरीच्या खर्चात 2.73 डॉलर वाचतात. त्याच वर्षी अमेरिकेत आरोग्यविम्याचा नवा कायदा झाला आणि कार्यक्रमाच्या अटी पूर्ण करणाऱ्यांना विम्याच्या हप्त्याच्या 30 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा मालकांना मिळाली.

बायकर आणि साँग मात्र आपल्याच निष्कर्षावर थांबले नाहीत. त्यांनी बीजेज् या मोठ्या दुकानसाखळीच्या 160 दुकानांपैकी 20 दुकानं सोडत काढून निवडली आणि तिथे आहारतज्ज्ञांच्या हातून कार्यक्रम चालवला. उरलेल्या 140 दुकानांत काही केलं नाही. एकूण कर्मचारी 32,974 होते. 18 महिन्यांनंतरचा निकाल 2019 साली आला. आपण आपलं वजन जाणीवपूर्वक आटोक्यात ठेवतो, असं सांगणारे कार्यक्रमाच्या दुकानांत 69 टक्के होते, इतर दुकानांत 55. व्यायाम करतो म्हणणारेही जास्त होते. मग मोजणी झाली. वजन-उंचीचं प्रमाण, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी, उपचारांचा खर्च, कशातही दखलपात्र फरक नव्हता. लोक खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. प्रयत्न केल्याचं समाधान खरं असतं. पण काट्यावरचा आकडा वेगळी गोष्ट सांगत होता. आपलाच गाजलेला निष्कर्ष पुन्हा तपासायला घेणं आणि उलटा निकाल आला तरी तो छापणं, याला वैज्ञानिक धैर्य म्हणतात. या दोघांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

2010च्या बेरजेतले अभ्यास का फसले, याचं उत्तर इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगाने दिलं. डेमन जोन्स, डेव्हिड मॉलिटर आणि ज्युलियन राइफ या अर्थशास्त्रज्ञांनी त्या विद्यापीठातल्या 4,834 कर्मचाऱ्यांना पहिल्या पाहणीत घेतलं, त्यातल्या 3,300 जणांना सोडतीने कार्यक्रमाचं निमंत्रण दिलं आणि बाकीच्यांना दिलं नाही. नंतर त्यांनी एकाच माहितीकडे दोन तऱ्हांनी पाहिलं. निमंत्रण मिळालेल्यांत जे आले त्यांची न आलेल्यांशी तुलना केली, तर कार्यक्रम उत्तम ठरत होता: आलेले लोक व्यायामशाळेत जास्त जात, त्यांचा उपचारखर्च कमी. निमंत्रण मिळालेल्या सगळ्यांची न मिळालेल्या सगळ्यांशी तुलना केली, तर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. अर्थ स्पष्ट आहे. जे आले ते आधीपासूनच प्रकृतीला जपणारे होते. कार्यक्रमाने त्यांना घडवलं नाही, फक्त गोळा केलं. आपल्याकडच्या अहवालांत नेमकी पहिली तऱ्हा वापरली जाते, आणि अनेकदा तीही नाही. आलेल्यांचं आधीचं वजन आणि नंतरचं वजन, बस्स.

आधी आणि नंतर, या तुलनेत आणखी एक खोट आहे. माणूस वजनाच्या कार्यक्रमात नाव कधी घालतो? वजन सर्वांत जास्त असतं तेव्हा. दिवाळी उरकली, लग्नसराई संपली, पट्टा आवळेना, की तो नाव नोंदवतो. तिथून वजन काही न करताही थोडं खाली येतंच. शिवाय पहिल्या पंधरवड्यात उतरतं त्यात शरीरातलं पाणीही बरंच असतं, कारण शरीर साठवलेली साखर वापरतं तेव्हा तिच्याबरोबर धरलेलं पाणीही सुटतं. इथे मला डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी दोन दशकं संख्याशास्त्राची धुरा वाहिली. एकाच माणसाचं खाणं आणि गरज दिवसागणिक वरखाली होते, म्हणून एका दिवसाच्या मोजमापावरून कुणाला उपाशी किंवा भरल्या पोटीचा ठरवू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून काढलेल्या निष्कर्षांवर मोठा वाद झाला, पण मूळ मुद्दा वजनालाही लागू पडतो. एकदा काट्यावर उभं राहणं म्हणजे वजन कळणं नव्हे. तोच काटा, तीच वेळ, शक्य तर ओळीने काही दिवसांची सरासरी, आणि कार्यक्रमाआधीच्या दोन-तीन महिन्यांच्या नोंदी हव्यात.

मग आपल्याकडे हे करायचं कसं? ‘अर्ध्या लोकांना कार्यक्रम द्यायचा आणि अर्ध्यांना नाही, हा अन्याय आहे,’ असं मला अनेकदा ऐकवलं जातं. कुणालाच वगळण्याची गरज नाही. चार प्लांट असतील तर कार्यक्रम चारही ठिकाणी न्यावा, पण एकाच दिवशी नाही. कोणता प्लांट आधी आणि कोणता शेवटी, हे सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावं आणि वजनं मात्र पहिल्या दिवसापासून चारही ठिकाणी घ्यावीत. ज्यांची पाळी यायची आहे, ते तोवर तुलनेला उपलब्ध असतात. एवढ्यासाठी परदेशी सल्लागार लागत नाही.

लोक काय खातात हे लोकांना विचारून पुरतं कळत नाही. माणूस खाल्लेलं कमी सांगतो, ही जगभरची गोष्ट आहे. कारखान्यात याला सुंदर पर्याय आहे, तो म्हणजे कँटीनच्या कोठीची नोंदवही. महिन्याला तांदूळ किती किलो आला, मैदा किती, ज्वारी किती, मटकी-हरभरा किती, तेलाचे डबे किती. जेवणाऱ्यांच्या संख्येने भागलं की दर माणशी तंतू आणि तेल दोन्ही निघतात. तेलाचा आकडा मी मुद्दाम घेतो. उसळीवर बोटभर तर्री आणि वर मूठभर फरसाण असेल, तर तंतू वाढूनही वजन उतरणार नाही. ताटात टाकून दिलेलं किती, तेही मोजावं. उसळ शिजली पण खरकट्यात गेली, तर ती कुणाच्या पोटात गेली नाही. बदल हळूहळू करावा, पाणी पुरेसं प्यायला सांगावं, नाहीतर आठवड्यात पोटफुगीच्या तक्रारी येतात आणि कार्यक्रम बदनाम होतो.

सल्ला साधा असावा याच्याही बाजूने पुरावा आहे. वुस्टर इथल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात 240 लोकांवर झालेल्या प्रयोगात एका गटाला अमेरिकन हार्ट असोसिएशनचा तेरा नियमांचा आहार दिला, दुसऱ्याला फक्त एकच गोष्ट सांगितली: रोज 30 ग्रॅम फायबर खा. वर्षभरात पहिल्याचं 2.7 किलो उतरलं, दुसऱ्याचं 2.1. काहीच न सांगितलेला तिसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे त्या आकड्यांवर फार भार टाकू नये. तरीही तीन पाळ्यांत राबणाऱ्या माणसाला एक सूचना पाळता येते, तेरा पाळता येत नाहीत, हे मला पटतं.

शेवटी ज्यांना कुणी बोलावलंच नाही, त्यांच्याविषयी. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार खाणावळीत जेवायचे. त्यांना जेवू घालणाऱ्या बायकांना 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. कामगाराचं ताट हा त्याच्या पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, हे या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे. 1948च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कँटीनची तरतूद केली आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत कामगारांच्या प्रतिनिधित्वाचीही. 2020च्या श्रमसंहितेने हा आकडा शंभरावर आणला आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजले. पण वेलनेसच्या यादीत ते क्वचितच मोजले जातात. ऑफिसात बसणाऱ्यांना आहारतज्ज्ञ मिळतो. रात्रपाळीला माल उचलणारा गेटबाहेरच्या टपरीवर वडापाव खातो. कार्यक्रमाने वजन उतरलं म्हणताना तो माणूस हिशोबात नसेल, तर तो हिशोब कंपनीचा नाही, एका मजल्याचा आहे.

आणि वजनाची यादी भिंतीवर लावू नका. कुणाचं वजन किती, ही त्याची खासगी गोष्ट आहे. बढती-बदलीशी तिचा संबंध येईल अशी शंकासुद्धा आली, तर ज्याला गरज सर्वांत जास्त आहे तोच पहिला दूर राहील. आकडे कंपनीच्या वरिष्ठांकडे न जाता डॉक्टरांकडेच राहावेत, ही अट कार्यक्रम सुरू होण्याआधी लेखी हवी.

इथे बसलेल्यांपैकी कुणी कँटीन समितीवर असतील, कुणी युनियनमध्ये, कुणी एचआरमध्ये. तुमच्या कंपनीत असा कार्यक्रम येईल तेव्हा त्याला विरोध करू नका. तंतुमय जेवण चांगलं आहे आणि त्याने थोडं का होईना वजन उतरतं. फक्त पहिल्याच बैठकीत लिहून घ्या की न आलेल्यांची, गळालेल्यांची आणि कंत्राटी कामगारांचीही नोंद अहवालात येईल, आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पुन्हा वजनं घेतली जातील. हे लेखी द्यायला कुणी तयार नसेल, तर तो पैसा आहारतज्ज्ञांच्या भाषणांवर न घालवता कँटीनमध्ये रोज एक वाटी उसळ देण्यावर खर्च करा.